तुम्ही विचारलंत म्हणून : ‘ही पोरं सुटतात कशी?’

मी परिवीक्षा अधिकारी होते, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची चौकशी आणि देखरेख करणारी, हे कळलं की लग्नात, रिक्षात, कुठेही विचारणा होते : “सतरा वर्षांचा पोरगा कोयता घेऊन फिरतो आणि सुटतो. तुम्ही त्यांचे लाड कशाला करता?” मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीने दोन जीव घेतले आणि त्याला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हापासून जास्तच. तो राग मलाही आला होता.

पण सगळी सुटत नाहीत. 2015 च्या बाल न्याय कायद्याने बाल न्याय मंडळ, म्हणजे अठराच्या आतल्यांचे खटले चालवणारं मंडळ, मुलाला 3 वर्षांपर्यंत विशेष गृहात (अशा मुलांच्या सुधारगृहात) ठेवू शकतं. सोळा पुरी झालेल्याने खुनासारखा गुन्हा केला, तर त्याची समज आणि मनःस्थिती तपासून (प्राथमिक मूल्यांकन) खटला मोठ्यांसारखाही चालवता येतो.

माझा जीव तुटतो तो पहिल्या चोरीपाशी.

मोबाइल चोरलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे घरची-शाळेची परिस्थिती मंडळाला सांगणारा अहवाल, लिहायला मी त्याच्या घरी गेले. आई धुणीभांडी करणारी. खिळ्याला नववीचं दप्तर टांगलेलं. आतल्या मराठीच्या वहीत शेवटची तारीख ऑगस्टची, पुढची पानं कोरी. “शाळेतून कुणी चौकशीला आलं होतं?” “नाही मॅडम. चौकातला दादा मात्र रोज यायचा.” दादा वडापाव द्यायचा, गाडीवर फिरवायचा. मोबाइलही त्याच्याच सांगण्यावरून उचलला होता. मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंत, चौदाव्या वर्षापर्यंत; नववीतलं पोरगं गळालं तर शोधत कोण येणार? दादा आला.

मंडळाने मुलाला परिवीक्षेवर, म्हणजे आमच्या देखरेखीखाली, आईकडे सोडलं. दर आठवड्याला भेट, शाळेत न जाता दहावीला बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म, दुपारी गॅरेजमध्ये काम. चार महिन्यांनी तो पुन्हा दादाबरोबर दिसला. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. याला लाड म्हणू नका हो, हे फार चिवट काम आहे, आणि करायला माणसं फार थोडी.

तेवढ्यात वस्तीतल्या कुणीतरी त्याचा फोटो ‘मोबाइल चोर’ लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला. अशी ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. असा फोटो तुमच्याकडे आला तर कृपा करून पुढे पाठवू नका. त्या फोटोपायी त्याचं गॅरेजचं काम गेलं. दुसरं मिळायला दीड महिना लागला, आणि तेवढे दिवस दादा रोज संध्याकाळी दारात उभा असायचा.

आज तो एकवीस वर्षांचा आहे. कामावर जाताना अजून तो चौक टाळतो, मागच्या नाल्याकडून लांबून जातो.