सेवाग्रामला जाऊन आक्रमणाच्या गुन्ह्याचा अभ्यास

कापसाची पहिली वेचणी आटोपल्यावर आमच्या वाचनालयातले कायद्याचे विद्यार्थी आणि काही शेतकरी मंडळी सेवाग्रामला गेलो. युद्ध टाळण्याची विनंती करणारे गांधीजींचे हिटलरला लिहिलेले पत्र 23 जुलै 1939 चे असून त्यावर वर्ध्याचा पत्ता आहे, म्हणून आक्रमणाच्या गुन्ह्यावर, म्हणजे एका देशाने दुसऱ्यावर बेकायदा युद्ध लादण्याच्या गुन्ह्यावर, बोलण्यासाठी हीच जागा आम्हाला योग्य वाटली. ब्रिटिश सरकारने ते पत्र पुढे जाऊ दिले नाही.

वर्ध्याहून आश्रम सुमारे 8 किलोमीटरवर आहे आणि ऑटो मिळतात; एप्रिल-मेचे ऊन मात्र टाळावे. कुटीत चपला काढून, न बोलता फिरावे आणि चर्चेला बाहेर झाडाखाली बसावे. व्हाइसरॉयशी थेट संपर्कासाठी बसवलेला दूरध्वनी तिथे जपून ठेवला आहे, तो अवश्य पाहावा. त्याच व्हाइसरॉयने, लॉर्ड लिनलिथगोने, 3 सप्टेंबर 1939 रोजी इथल्या कोणत्याही पुढाऱ्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले होते. युद्धाचा निर्णय मूठभर लोकांच्या हाती असतो हे त्या यंत्रासमोर उभे राहिले की मुलांना चटकन कळते, आणि रोम संविधीचे, म्हणजे ज्या कराराने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन झाले त्याचे, कलम 8 बिसही (‘बिस’ आणि ‘तेर’ म्हणजे मागाहून घातलेली जोडकलमे) नेमके तेच गृहीत धरते : राज्याच्या राजकीय वा लष्करी कारवाईवर ज्याचे प्रत्यक्ष नियंत्रण आहे, तोच या गुन्ह्याचा आरोपी होऊ शकतो, हुकूम पाळणारा शिपाई नव्हे.

गुन्ह्याची ही व्याख्या 2010 साली कंपाला येथे स्वीकारली गेली आणि या गुन्ह्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा अधिकार 17 जुलै 2018 पासून लागू झाला. खरी अडचण कलम 15 बिसमध्ये आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवले नसेल, तर सदस्य नसलेल्या राज्याच्या नागरिकांवर हा खटला चालत नाही. त्यामुळे युक्रेनमधील युद्धगुन्ह्यांची चौकशी हे न्यायालय करू शकते, पण आक्रमणाबद्दल सदस्य नसलेल्या रशियाच्या नेत्यांवर खटला चालवू शकत नाही. त्यासाठी युरोप परिषद आणि युक्रेन यांना 25 जून 2025 रोजी विशेष न्यायाधिकरणाचा करार करावा लागला. भारतही रोम संविधीचा सदस्य नाही.

“म्हंजे मार खाणाऱ्यानं सही केली, पन मारणाऱ्यानं नाही केली, तर मारणारा सुटला?” एका काकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. नरसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे यांना पीडित राज्याचे सदस्यत्व पुरते, तसे ते इथेही पुरायला हवे, असे माझे ठाम मत आहे. जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कला अशी दुरुस्ती चर्चेला आली, पण मंजूर झाली नाही.

जाणाऱ्यांनी कलम 8 बिस, 15 बिस आणि (सुरक्षा परिषदेने सोपवलेल्या प्रकरणांबद्दलचे) 15 तेर यांच्या छापील प्रती प्रत्येकाच्या हाती द्याव्यात, आणि 15 बिसचा पाचवा परिच्छेद जेवणाआधीच वाचायला घ्यावा, कारण सर्वाधिक वेळ त्यालाच लागतो.