आईचा आजचा इको (हृदयाची सोनोग्राफी)
आईच्या हृदयातला गळका मिट्रल व्हॉल्व्ह (झडप) बदलून तीन महिने झाले. ऑपरेशननंतर ईएफ (दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ५५ वरून ४५ वर आलं, तेव्हा माझे हातपायच गळाले होते. डॉक्टरांनी समजावलं: गळक्या व्हॉल्व्हमधून बरंचसं रक्त सहज मागे जायचं, म्हणून आकडा चांगला दिसायचा. आता सगळं रक्त पुढे महाधमनीतच ढकलायचंय, हृदयाला सवय व्हायला वेळ लागणार.

आज ५२! संध्याकाळी गोदापार्कवर आई न थांबता चालली. (जानेवारीत जिन्याच्या चार पायऱ्यांत दम लागायचा हो.)

वॉरफेरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) चालूच राहणार. मेथीतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम कमी होतो, तरी मेथी बंद नाही, फक्त प्रमाण सारखं ठेवायचं.

रात्री तिच्याशेजारी नव्या यांत्रिक व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते. ती ऐकल्याशिवाय आता मला झोप लागत नाही.