त्रिशूळावरचा बी

शांघायमधल्या दामुछ्याओ रस्त्यावर जुनी नाणी आणि टपाल तिकिटं विकणाऱ्यांचा मोठा बाजार आहे. बहुतेक शनिवारी सकाळी मी तिथेच असते. गेल्या वर्षी तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदारांनी काळ्या कापडावर चांदीचं एक नाणं ठेवलं, हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "हे तुमच्याकडचं." मी त्यांना शिफू म्हणते. हातात कसब असलेल्या माणसाला इथे आदराने तसंच म्हणतात.

नाणं 1902 सालचं, चीनशी व्यापारासाठी ब्रिटिशांनी पाडलेला चांदीचा डॉलर. एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात ढाल घेऊन उभी असलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री. चिनी लोकांनी या नाण्याला सरळ 'चानरेन' म्हणजे 'उभं माणूस' असं नाव देऊन टाकलं होतं. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर भिंग धरलं तर तिळाएवढा इंग्रजी 'बी' दिसतो. बी म्हणजे बॉम्बे. आपल्या फोर्टातली, मिंट रोडजवळची टाकसाळ! माझे बाबा डोंबिवलीहून लोकलने येऊन तीस वर्षं त्याच रस्त्याने बँकेत चालत गेले. चीनमध्ये पाच वर्षं काढल्यावर त्या टाकसाळीतून निघालेलं नाणं असं हाताला लागलं, तेव्हा मला भरूनच आलं.

मुंबईत चिनी व्यापारासाठी डॉलर कशाला पाडले, हा प्रश्न मलाही पडला होता. चीनच्या बंदरांमध्ये तेव्हा परदेशी चांदीच चालायची. आधी स्पेनच्या राजाचं तोंड असलेली नाणी, मग मेक्सिकोची गरुडाची. ब्रिटिशांनी 1866 मध्ये हाँगकाँगला टाकसाळ काढून पाहिली, पण ती दोनच वर्षांत गुंडाळावी लागली. पुढे 1893 साली हिंदुस्थानातल्या टाकसाळींनी लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून द्यायचं बंद केलं आणि यंत्रांना दुसरं काम घेता आलं. 1895 पासून 1935 पर्यंत हे डॉलर मुख्यतः मुंबईत आणि काही कलकत्त्यात पाडले गेले. नाण्याच्या मागच्या बाजूला चिनी आणि अरबी वळणाच्या मलय लिपीत किंमत आहे आणि मधोमध दीर्घायुष्याचं चिनी अक्षर.

त्याआधीच्या काळात चांदी उलट्या दिशेनेही वाहिली होती. मुंबईहून माळव्याची अफू चीनला जायची आणि बदल्यात चांदी यायची. त्या व्यापारातून मुंबईत मोठमोठ्या वास्तू उभ्या राहिल्या, आणि इथे घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली. हे नाणं हातात घेताना त्याची आठवण ठेवलीच पाहिजे, असं मला वाटतं.

माझ्या नाण्यावर ठोकून उठवलेले चार बारके छाप आहेत. जुने संग्राहक अशा नाण्याला खराब झालेलं म्हणून नाक मुरडायचे. मी मात्र मुद्दाम तसलीच शोधते. चिनी पेढीवर डॉलर आला की पारखी माणूस तो तपासायचा आणि अस्सल निघाला तर त्यावर पेढीचं अक्षर ठोकायचा. कोणाच्या नाण्याला किती बट्टा, हेही पेढीवरच ठरायचं. दक्षिणेत, कँटनच्या बाजूला, काही नाणी इतकी ठोकली गेली की ती वाटीसारखी खोलगट होऊन शेवटी फुटली. मग त्यांचे तुकडे वजनावर चालले.

या छापांना इंग्रजीत 'चॉप' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या 'छाप'वरूनच गेलेला आहे. बंदरांतल्या पारख्याला इंग्रज 'श्रॉफ' म्हणायचे. तो तर आपला सराफ! हाँगकाँगला मोटार उभी करण्याचे पैसे भरायच्या खिडकीवर आजही 'श्रॉफ' अशी पाटी असते. पहिल्यांदा ती वाचली तेव्हा मी गाडीत बसलेल्यांना सराफ कट्ट्यापासून सगळं सांगत सुटले होते.

एकाक्षरी छापावरून पेढीचं नाव कळणं जवळजवळ अशक्य असतं. 'ता' म्हणजे मोठं, 'ची' म्हणजे शुभ. असली अक्षरं कितीतरी पेढ्या वापरायच्या. पण क्रम लावता येतो. माझ्या नाण्यावर 'ची'ची एक रेघ 'ता'च्या कडेला कापून गेली आहे, म्हणजे 'ता' आधी बसला. 'ता'च्या कडा घासून गुळगुळीत झाल्या आहेत, म्हणजे तो छाप घेऊन नाणं पुष्कळ हातांतून फिरलं. ढालीजवळचा तिसरा छाप अजून धारदार आहे. तो बसल्यानंतर नाणं फारसं फिरलेलं नाही. कोणीतरी ते पेटीत किंवा जमिनीत ठेवून दिलं असावं. 1935 च्या नोव्हेंबरात चीनने चांदीचं चलन बंद करून कागदी नोटा आणल्या, तेव्हा पुष्कळ लोकांनी नाणी सरकारजमा न करता दडवली होती. हेही त्यांतलं असेल का, असा विचार नेहमी मनात येतो.

पारख मी फसून शिकले. पहिल्या वर्षी रस्त्यावर एकाकडून चीनचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई याचं तोंड असलेला 1914 चा डॉलर घेतला. त्याच्या मोठ्या डोक्यामुळे लोक त्याला 'युआन दाथोउ' म्हणतात. घरी येऊन वजन केलं तर जवळपास पावणेसत्तावीस ग्रॅम भरायला हवं, ते भरलं बावीस. शिफूंनी तो काचेवर टाकला, आवाज बद्द. मग त्यांनी आपलं एक अस्सल नाणं दोन नखांमध्ये मधोमध धरलं, कडेवर जोरात फुंकर मारली आणि पटकन माझ्या कानाशी नेलं. बारीक, लांबलेला नाद होता, तानपुऱ्याची तार विरत जाते तसा. नाणं खणखणीत असावं असं आपण म्हणतो. त्यात असा नाजूक सूरही असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

बाबा फोनवर विचारतात, "घेऊन येशील का गं ते इकडे?" 1911 पूर्वीच्या ऐतिहासिक वस्तू चीनबाहेर न्यायला बंदी आहे, त्यामुळे ते इथेच राहणार. मी त्यांना भिंगातून त्रिशूळाचे फोटो पाठवते.

सध्या डोकं चौथ्या छापात अडकलंय. तो अर्धवटच उठलाय. मला ते 'वांग' वाटतं: तीन आडव्या रेघा आणि एक उभी. शिफू म्हणतात ते 'शंग' आहे, डावीकडची छोटी तिरकी रेघ तेवढी घासली गेली. ती रेघ कधी होती की नव्हतीच, हे बघायला येत्या शनिवारी ते त्यांच्या मित्राचा सूक्ष्मदर्शक मागून आणणार आहेत.