आवाज येतो, पण कुठून?

शनिवार, रात्री उशिरा

आज घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला जेमतेम निम्म्या गप्पा कळल्या. डोकं जड झालंय, तरी हे आजच लिहून ठेवते.

माझा डावा कान लहानपणापासून जवळजवळ निकामी आहे. उजवा उत्तम. शांत खोलीत समोरासमोर बोलणाऱ्याला कधी शंकासुद्धा येत नाही. म्हणूनच "एका कानाने नीट ऐकू येतं ना, मग अडचण कसली?" हा प्रश्न आजही आला. विचारणाऱ्याच्या मनात माया होती, पण त्या गोंगाटात उत्तर देणं जमलं नाही. ते इथे देते.

दुसरा कान हा पहिल्याचा राखीव जोडीदार नसतो. दोघांचं काम एकत्र चालतं. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त म्हणजे सेकंदाचा साधारण दीड हजारावा भाग! शिवाय उंच पट्टीचे आवाज मधल्या डोक्यामुळे अडतात, त्यामुळे पलीकडच्या कानाला ते हळू ऐकू येतात. वेळेचा फरक खालच्या पट्टीच्या आवाजांसाठी आणि जोराचा फरक वरच्या पट्टीसाठी कामी येतो, हे लॉर्ड रॅले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ मध्येच मांडलं होतं. मेंदू या दोन्ही फरकांवरून दिशा ठरवतो. माझ्याकडे ताडून पाहायला दुसरी बाजूच नाही.

म्हणून घरात माझा फोन वाजतो तेव्हा तो वाजतोय एवढंच कळतं. मी जागच्या जागी मान फिरवते, कुठल्या बाजूला आवाज वाढतो ते बघते, दोन पावलं टाकते, पुन्हा मान फिरवते. सापडेपर्यंत तो बंद पडलेला असतो. फोनचं एक वेळ चालेल. रस्त्यावर मागून हॉर्न आला की डावीकडे सरकायचं की उजवीकडे, हे ठरवण्याआधी मला वळून बघावंच लागतं, आणि त्या क्षणाची मला खरोखर भीती वाटते.

गर्दीतलं ऐकणं याच गोष्टीवर अवलंबून असतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये एकाच माणसाच्या आवाजातले दोन वेगवेगळे मजकूर एकत्र मिसळून लोकांना ऐकवले. ते वेगळे करताना ऐकणारे मेटाकुटीला आले, पुन्हा पुन्हा ऐकावं लागलं. तेच दोन मजकूर एक या कानात, एक त्या कानात असे दिले, तर हवा तो सहज ऐकता आला. माझ्यासाठी प्रत्येक मेळावा म्हणजे त्यातला पहिला प्रयोग आहे. सगळे आवाज एकाच दारातून एकदम आत शिरतात.

त्यातही स्वर ठणठणीत ऐकू येतात, बुडतात ती व्यंजनं. स, त, प, ठ हे दुबळे आवाज. भांड्यांच्या खणखणाटात तेच आधी जातात. आज पलीकडून कुणीतरी एक वय सांगितलं. सात, आठ की साठ? मी ओठ बघितले, पुढचं वाक्य ऐकलं, मागचं आठवलं आणि मग साठ ठरवलं. तोवर गप्पा पुढच्या विषयावर गेल्या होत्या. प्रत्येक वाक्यागणिक हे असं चाललेलं असतं, म्हणून मी थकते. मला माणसांचा कंटाळा आलाय असं कुणी समजलं की फार वाईट वाटतं.

डावीकडचा आवाज उजव्या कानात पोचवणारं यंत्र मी वापरून पाहिलं. डावीकडच्या माणसाचं बोलणं कळायला लागलं, हा मोठाच फायदा. पण गोंगाट डावीकडे असेल तर तोही चांगल्या कानात येऊन पडतो. ऐकणारा कान शेवटी एकच राहतो.

मोठ्याने बोलल्याने फारसं साधत नाही, जागेने खूप साधतं. मी भिंतीकडे डावी बाजू करून कोपऱ्यात बसले आणि बोलणारा उजवीकडे, उजेडात असला, की निम्मं काम झालं. मघाशी ताईला हे सगळं सविस्तर सांगितलं. पुढच्या वेळी ती माझी खुर्ची आधीच तशी ठेवणार आहे. आणि दुरून हाक मारताना नुसतं नाव न घेता हातही वर करायचा, हेही तिच्याकडून कबूल करून घेतलंय.