केतुब्यातल्या आपल्या अटी

इथे न्यू जर्सीत माझ्या एका ज्यू मैत्रिणीचं लग्न ठरलं, तेव्हा हॉल, जेवण, कपडे यांपेक्षा जास्त चर्चा तिच्या घरी एका कागदावर झाली. तो कागद म्हणजे केतुबा, लग्नाचा करार. आपल्याकडच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, लग्नांतही तो सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) वाचतात, त्यामुळे अलिबाग-रेवदंड्याकडच्या वाचकांना हा शब्द नवा नसेल.

मूळ मजकूर अरेमिक भाषेत असतो आणि अगदी व्यवहारी असतो. नवऱ्याने बायकोला अन्न, वस्त्र, सहवास द्यायचा. घटस्फोट झाला किंवा तो आधी गेला, तर ठरलेली रक्कम तिला मिळाली पाहिजे. पहिल्यांदा लग्न करणाऱ्या मुलीसाठी 200 झूझ, हा जुन्या चांदीच्या नाण्यांतला आकडा आजही तसाच लिहितात. वसुली त्याच्या सगळ्या मालमत्तेतून, वेळ पडली तर खांद्यावरच्या झग्यातूनसुद्धा! बाई उघड्यावर पडू नये म्हणून इतका बारीक विचार त्या काळी कुणीतरी केला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता बरीच जोडपी अरेमिकच्या शेजारी इंग्रजीत स्वतःचा मजकूर लिहून घेतात. तयार नमुनेही मिळतात: घर हास्याने भरू दे, एकमेकांची स्वप्नं जपू. मैत्रिणीने असे पुष्कळ वाचले आणि बाजूला ठेवले. "हे कुणाच्याही लग्नात चालेल गं," म्हणाली. मला ते शंभर टक्के पटलं.

तिच्या मनात भरले ते कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये सापडलेले, अकराव्या-बाराव्या शतकांतले केतुबे. त्यांत 'दुसरी बायको करणार नाही', 'हिच्या संमतीशिवाय परगावी जाणार नाही' अशा अटी आहेत. काही लग्नं तर कराईट (फक्त लिखित धर्मग्रंथ मानणारे) आणि रब्बानी (धर्मगुरूंची परंपराही मानणारे) अशा दोन ज्यू पंथांमधली. दोघांचे सण वेगवेगळ्या दिवशी यायचे, आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घरात दिवा जळता ठेवावा की नाही यावरही मतभेद. मग एकमेकांवर सण मोडायची सक्ती करायची नाही, कराईट बायकोसमोर शब्बाथचा दिवा लावायचा नाही, हे आधीच लिहून घेतलेलं. खरा आपला मजकूर याला म्हणायचं. भांडण कुठे होणार हे ओळखून त्यावर आधीच शब्द दिलेला.

त्यांच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, एक कलम आवर्जून घालायला सांगितलं. ज्यू धर्मकायद्यात नवऱ्याने 'गेट', म्हणजे सोडचिठ्ठी, दिली नाही तर बाईला दुसरं लग्न करता येत नाही. ती वर्षानुवर्षं अडकून पडते. म्हणून 1950च्या दशकात शाऊल लीबरमन या विद्वानांनी केतुब्यात एक कलम सुचवलं: लग्न मोडलंच, तर दोघांनी धर्मन्यायालयासमोर यायचं आणि त्याचा निर्णय मानायचा. लग्नाच्या घरात असलं बोलणं अशुभ वाटेल काहींना. मला तर त्या कागदावरचं सगळ्यात मायेचं कलम तेच वाटलं.

बाकीचं दोघांनी स्वतः लिहिलं. दोघांची संमती असल्याशिवाय शहर बदलायचं नाही. आणि तिची आई त्यांच्याजवळच राहील. आईला हल्ली गोष्टी लक्षात राहत नाहीत. भिंतीवर लावायच्या सुंदर कागदावर हे कशाला, असं सासरच्या काहींचं मत पडलं. मैत्रीण ऐकेना, आणि नवरा मुलगा तिच्या बाजूने ठाम उभा राहिला. तेव्हाच मला तो फार आवडला.

लग्नाच्या दिवशी मंडपात जायच्या आधी रब्बींनी त्याच्यापुढे एक रुमाल धरला. त्याने तो हातात घेऊन उचलला. याला किन्यान म्हणतात, म्हणजे अटी मान्य केल्याची खूण. केतुब्यात एका शब्दातल्या 'कुफ' या हिब्रू अक्षराचा पाय मुद्दाम अर्धा सोडला होता, तो त्यानंतर पुरा केला. मग नात्यात नसलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या.

खुप्पाखाली, म्हणजे लग्नाच्या मंडपाखाली, सगळं मोठ्याने वाचलं गेलं, आईबद्दलचं वाक्यसुद्धा. वाचून झाल्यावर केतुबा वधूच्या हाती देतात, कारण तो तिच्या मालकीचा असतो. मैत्रिणीने तो तिथल्या तिथे आईकडे सांभाळायला दिला.