साल्हेरवर पितळी स्टोव्ह : रॉकेल, काकडा आणि वारा

नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेर किल्ल्यावर जाताना या वेळी गॅसचा डबा मुद्दाम घरी ठेवला. सोबत दोन पितळी स्टोव्ह घेतले. माझा रॉकेलचा, पंपाचा, पाय आणि बर्नर सुटे करून पत्र्याच्या डब्यात बसणारा. मित्राचा स्वीडिश बनावटीचा स्वेआ 123, पेट्रोलवर चालणारा, बिनपंपाचा. हे मॉडेल 1955 पासूनचं आहे. माझा किलोच्या आसपास भरतो, त्याचा अर्धा किलो. हल्लीचा गॅसवर लावायचा बर्नर शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असतो, म्हणजे वजनात आम्ही नाशिक सोडायच्या आधीच हरलेलो. एका मुक्कामाच्या ट्रेकला असा स्टोव्ह नेणं ही हौस आहे, गरज नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. पण पुढे हिमालयात जायचं असेल तर गोष्ट वेगळी. गॅसच्या डब्यातलं ब्युटेन शून्याच्या जरासं खाली गेलं की वायू व्हायचं थांबतं आणि डब्यातला दाब त्याच्या कितीतरी आधीच पडायला लागतो. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये दाब आपण पंपाने भरतो, त्यामुळे त्याला थंडीचं सोयरसुतक नसतं. तिकडे जाऊन शिकण्यापेक्षा हात इथे, आपल्या बागलाणात बसवलेला बरा.

खरी धावपळ इंधनाची. रेशनच्या निळ्या रॉकेलवर भिस्त ठेवू नका. आम्हाला पांढरं रॉकेल रंगांच्या एका घाऊक दुकानात मिळालं, तेही दोन-चार ठिकाणी नकार ऐकून. ‘थिनर चालेल की’ असं सांगणारा दुकानदार हमखास भेटतो. थिनर अजिबात नको. वायसर खराब होतात आणि वाफ छातीत जाते ती वेगळीच. रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल घालणं तर थेट जिवाशी खेळ आहे. अडलं-नडलं म्हणूनही घालू नका. स्वेआसाठी मुळात बिनरंगी, बिनभेसळीचं ‘व्हाइट गॅस’ म्हणतात ते नॅफ्था लागतं, जे आपल्याकडे सहज मिळत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यावर स्टोव्ह चालतो, पण रबरी वायसर फुगतात आणि पेट्रोलमधल्या इतर मिसळींची पुटं नळीत साचतात. मित्र ट्रेकहून आला की टाकी रिकामी करून ठेवतो, तेवढं पुरतं.

नोझल साफ करायच्या पिना, कातडी वायसर आणि बर्नर तापवायला लागणारा काकडा जुन्या नाशकात भद्रकाली-भांडीबाजाराच्या बाजूला चौकशी केली की अजून मिळतात. एक वायसर आणि दोन पिना जास्तीच्या घ्या. पंपाच्या कातडी वायसरला तेल लावायचं ते शिलाई मशीनचं. खोबरेल लावायची सवय बऱ्याच घरांत होती, पण बागलाणातल्या जानेवारीत खोबरेल दगडासारखं गोठतं आणि पंप नुसता वर-खाली होतो, हवा काही भरत नाही.

रॉकेल किंवा पेट्रोल घेऊन एसटीत किंवा रेल्वेत बसायचं नाही, त्यामुळे गाडी आपली. इंधन धातूच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत घ्या. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरलं तर रात्री तहानलेला कोणीतरी ती तोंडाला लावेल. आणखी एक. पायथ्याला बंद केलेल्या बाटलीतली हवा वर गेल्यावर फुगते आणि झाकणाच्या आट्यांतून रॉकेल पाझरतं. बाटली सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात, उभी. पोह्यांच्या पिशवीशेजारी ठेवलीत तर दोन दिवस रॉकेलचे पोहे खावे लागतील.

नाशिकहून पिंपळगाव, सोग्रस फाटा, देवळा करत सटाणा सुमारे 90 किलोमीटर. तिथून ताहाराबाद, मुल्हेर आणि पुढे पायथ्याचं वाघांबे गाव. साल्हेरवाडीकडूनही वाट आहे, पण साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीतून चढायचं तर वाघांबे सोयीचं. मुक्काम गावातच, एका घराच्या अंगणात केला. गडावरच्या गुहेत राहायचा विचार असेल तर आधी गावात आणि वनखात्याकडे विचारून घ्या. साल्हेर जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या 12 किल्ल्यांपैकी एक आहे, तेव्हा पूर्वी चालायचं म्हणून आता चालेलच असं नाही. गुहांमध्ये लाकडं पेटवून भिंती काळ्या करणाऱ्यांबद्दल मी इथे लिहिलं तर लेख भलतीकडे जाईल.

अंगणात स्टोव्ह काढल्यावर घरातल्या मावशी बाहेर आल्या. “चूल पेटलेली हाये ना दादा, हे काय काढलं?” प्रश्न रास्त होता. चुलीवरच्या भाकऱ्या त्यांच्याकडून घेतल्या, चहा मात्र आमचाच केला.

आता पेटवण्याबद्दल, कारण सगळी मेख तिथेच आहे. टाकी पाऊणच भरायची, वरची जागा हवेला ठेवायची. हवेचा स्क्रू उघडा. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरच्या नळीला लावायचा आणि पेटवायचा. बर्नर इतका तापला पाहिजे की आतून येणाऱ्या रॉकेलची वाफच व्हावी. 1892 साली स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी केलेल्या प्रायमस स्टोव्हची सगळी करामत हीच: वात नाही, वाफ जळते, म्हणून काजळी नाही. काकडा विझायला आला, ज्योत निळसर होऊन लपलपायला लागली, की स्क्रू बंद करून दोन-तीनच पंप मारा. फुर्रर्र आवाज आला आणि निळी चकती दिसली की जमलं. पिवळी ज्वाळा हातभर उठली तर बर्नर अजून थंड आहे; घाबरून पंप मारत सुटू नका, स्क्रू उघडा, दाब जाऊ द्या, ज्वाळा विझली आणि बर्नर निवला की काकडा पुन्हा लावा. थंडीत आणि वाऱ्यात काकडा दोनदा लावायची तयारी ठेवायचीच. सॅनिटायझरवर भागवू म्हणाल तर त्यात पाणी असतं, बर्नर अर्धाच तापतो. ज्योत तुटक, एका बाजूला झुकलेली दिसली तर पिन मारा, पण एकदाच आणि सरळ. पिन तिरकी घुसली तर नोझलचं भोक मोठं होतं आणि मग तो स्टोव्ह जन्मभर पिवळा जळतो.

पहाटे निघालो. खिंडीपर्यंत दीड-दोन तास, पुढे कातळातल्या पायऱ्या, दरवाजे आणि डाव्या हाताला सतत दरी. गंगासागर तळ्याजवळ पोचेपर्यंत ऊन आलं होतं, पण वारा असा की टोपी हातात धरून चालावं लागत होतं. इथे दोन्ही स्टोव्ह शेजारी-शेजारी लावले.

स्वेआच्या बुडाशी एक छोटी वाटी असते. तिच्यात ड्रॉपरने थोडं पेट्रोल टाकून पेटवायचं, ते जळत आलं की चावीने झडप उघडायची. टाकी स्वतःच्याच आचेने तापून दाब तयार करते, म्हणून पंप लागत नाही. मित्राच्या स्टोव्हमध्ये पिनही आतच आहे, चावी फिरवली की नोझल साफ. तो आमच्या आधी पेटला, मान्य. टाकीत जेमतेम 120 मिलीलीटर मावतं आणि ते पाऊण-एक तास पुरतं. मात्र त्याच्याभोवती दगडांचा किंवा पत्र्याचा घट्ट आडोसा करू नका. टाकी जास्त तापली की झाकणातली सुरक्षा-झडप उघडते आणि तिथून ज्वाळेची पिचकारी निघते. झाकणाचं तोंड नेहमी माणसांच्या उलट दिशेला ठेवायचं. माझ्या रॉकेलवाल्याला मोकळा आडोसा चालतो. तीन बाजूंना दगड, चौथी उघडी, आणि टाकीला अधूनमधून हात लावून बघायचं. हात ठेवता येईना इतकी तापली तर बंद. वाऱ्यात रॉकेलवाला सरस ठरला, मित्र मान्य करणार नाही.

लीटरभर पाण्याला साधारण 20 मिलीलीटर रॉकेल धरा, वाऱ्यात दीडपट. साल्हेर 1,567 मीटर, महाराष्ट्रात कळसूबाईनंतरचं सर्वांत उंच शिखर. तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. चहाला फरक पडत नाही, तूरडाळ मात्र शिजता शिजत नाही. रात्रीच भिजवलेली मूगडाळ आणि तांदूळ नेले होते, छोट्या कुकरमध्ये खिचडी झाली. कुकर नसेल तर पोहे, उपमा, शेवया यांवरच राहा. पातेलं रुंद बुडाचं हवं. उंच, अरुंद डब्यातला भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो, कारण या ज्योतीचा सगळा जोर मधोमध असतो. मंद आच हवी तर स्क्रू किंचित उघडून दाब कमी करायचा. त्याला सराव लागतो, तो घरच्या गच्चीत करा.

गुहेच्या आत किंवा बंद तंबूत कुठलाच स्टोव्ह नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि पेटता किंवा गरम स्टोव्ह असताना टाकीचं झाकण उघडून रॉकेल भरणारा तुमच्या ग्रुपमध्ये असेल तर त्याला परशुरामाच्या देवळापर्यंत पिटाळा. देऊळ अगदी माथ्यावर आहे, तो येईपर्यंत स्टोव्ह निवतो. वरून सालोटा समोर दिसतो, हवा स्वच्छ असेल तर मुल्हेर, मोरा, पलीकडे मांगी-तुंगीही. मराठ्यांनी 1672 मध्ये मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते याच गडाच्या पायथ्याला.

उतरताना स्टोव्हमधलं उरलेलं रॉकेल परत बाटलीत ओतलं आणि बर्नर सुटा करून वर्तमानपत्रात गुंडाळला. पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत, त्यामुळे स्टोव्ह सॅकला बाहेरून लटकवू नका. पावसाळ्यात या वाटेवर असली हत्यारं घेऊन जाण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक. गडावरचं तळ्याचं पाणी उकळूनच प्या आणि त्याचं रॉकेल हिशेबात धरा. तिघांना एका रात्रीसाठी, तीन वेळचा चहा आणि दोन जेवणं धरून, अर्धा लीटरची बाटली आम्हाला पुरून थोडी उरली. ते उरलेलं मावशींनी मागून घेतलं, कंदिलासाठी.