कार्डावर अकरावं वचन, दहावं कोण वाचणार?

आमच्या चर्चमध्ये 31 डिसेंबरला वॉचनाइट, म्हणजे नवं वर्ष लागेपर्यंतची रात्रीची प्रार्थना असते, बारा वाजून गेले की एक ताट फिरतं, त्यात उलटी घातलेली छोटी कार्डं, प्रत्येकानं एक उचलायचं आणि तेच तुमचं वर्षाचं वचन. मग चहा, केक आणि "तुला काय आलं, मला हे आलं". दोन वर्षांमागं माझ्या हाताला यिर्मया 29:11 लागलं, म्हणजे बायबलातल्या यिर्मयाच्या पुस्तकातल्या 29व्या अध्यायाचं अकरावं वचन. हे म्हणजे हुकमाचा एक्काच, देव म्हणतो तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, वाईटाचे नाहीत, पुढं आशा आहे. लोकांनी हात मिळवले. आईनं ते घरी आणून फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं.

मार्चमध्ये माझी नोकरी गेली. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर अकरा वर्षं काढली होती, ऑर्डरी कमी झाल्या, दोन शिफ्टची एक झाली आणि कमी करायच्या यादीत माझं नाव. मे महिन्यात पप्पांना पॅरालिसिसचा झटका, डावा हात, डावा पाय आणि थोडं बोलणं. पाणी प्यायला फ्रिज उघडायला गेलो की ते कार्ड समोर. एकदा रागानं काढून ड्रॉवरमध्ये टाकलं, सकाळी बघतो तर परत तिथंच, आई काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याच दिवसांत बाहेरगावचा एक प्रचारक प्रार्थनासभेला आला होता, नाव सांगत नाही. डोक्यावर हात ठेवून म्हणाला, दोन महिन्यांत दार उघडेल, फक्त विश्वासानं पेर. पेर म्हणजे पाकीट. मी दोन हजार घातले, खरं सांगायचं तर विश्वासानं नाही, भीतीनं घातले, नाही घातले आणि दार नाही उघडलं तर आपल्यामुळंच नको म्हणून. दोन महिने झाले, तीन झाले, दार तिथंच.

पप्पा ॲडमिट होते तेव्हा रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर झोप यायची नाही. एका रात्री मोबाईलवर तो अध्याय उघडला, अकरावं वचन नाही, पहिल्यापासून, आणि मागचा अठ्ठाविसावा पण. आणि मला धक्काच बसला कारण इतकी वर्षं चर्चमध्ये काढून हे मला माहीतच नव्हतं की ती एक चिठ्ठी आहे. यरुशलेमेतून बाबेलच्या राजानं, नबुखद्नेस्सरानं, जी माणसं उचलून बाबेलला नेली, इ. स. पू. 597 ची गोष्ट, त्यांना यिर्मया संदेष्ट्यानं लिहिलेलं पत्र. घरदार गेलेल्या लोकांना. आणि त्या अकराव्या वचनाच्या बरोब्बर वर दहावं आहे, त्यात देव म्हणतो बाबेलात सत्तर वर्षं भरली की मग मी तुम्हाला परत आणीन. सत्तर! म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त तिथंच मातीत जाणार. कार्ड छापणाऱ्यानं दहावं गाळलं, त्याचाही दोष नाही म्हणा, सत्तर वर्षांचं कार्ड केकबरोबर कोण उचलेल.

आणि अठ्ठाविसाव्यात एक हनन्या आहे. तोही संदेष्टाच, देवाचंच नाव घेऊन मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, आणि यिर्मयानं बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून मोडून टाकतो. दोन वर्षं! मी बाकड्यावर एकटाच हसलो, नर्सनं वळून बघितलं. हनन्याचं बोलणं ऐकायला किती गोड वाटलं असेल त्या लोकांना, माझ्या दोन हजारांसारखंच. तो त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला असं तिथं लिहिलंय.

मग सत्तर वर्षं करायचं काय? पाचव्या वचनापासून देव सांगतो, घरं बांधा, राहा, मळे लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, पोरांची लग्नं लावा. आणि सातव्यात, ज्या शहरात मी तुम्हाला पाठवलंय त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आपल्याकडं शहर कुठल्या राज्यात असावं यावर माझ्या जन्माआधीपासून भांडण चाललंय आणि माझंही त्यावर एक मत आहे, ते इथं नको, पण बेळगावसाठी मी त्याआधी कधी प्रार्थना केली नव्हती हे त्या रात्री लक्षात आलं. बेळगावकडनं नुसतं मागायचो, नोकरी दे, पाणी दे, रस्ता दे.

बायको बैलहोंगलची, तिचं बायबल कन्नड. पप्पांजवळ रात्री ती बसायची तेव्हा तेविसावं स्तोत्र कन्नडमध्ये म्हणायची, पप्पांना कन्नड चांगलं येतं. आपल्या मराठीत "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही". मेंढपाळ हा शब्द मी चर्चबाहेर कुणाच्या तोंडून ऐकला नाही, डोळ्यासमोर यायचा तो कॅलेंडरवरचा, पांढरा झगा आणि खांद्यावर स्वच्छ कोकरू. तिच्या बायबलात "येहोवनु ननगे कुरुबनु". कुरुब! म्हणजे आपला धनगर हो. भात कापून झालं की पिरनवाडी-मच्छेकडच्या शेतात कळप बसवतात ना, वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण लावून, घोंगडं पांघरून, त्या थंडीत रात्रभर जागा, कुत्र्यावर आणि लांडग्यावर लक्ष, सकाळी दुसऱ्याचं शेत. शेतवाला लेंडीखतासाठी वाट बघतो पण चहाला घरात बोलवत नाही. देव स्वतःला ते म्हणवून घेतोय. मला हे चाळिशीत कळलं आणि तेसुद्धा कन्नडमधून.

आणि त्यातच पुढं, मृत्यूच्या सावलीच्या दरीतून जातानाही "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात". मूळ भाषेत ती नेमकी कसली काठी ते पाळकसाहेबांना विचारा, पण आमच्याकडं आकडी म्हणजे ज्यानं धनगर बाभळीची फांदी खाली ओढतो, चारा नसला की. कळपाला वरचं दिसतही नाही. पप्पा एका रात्री तोंड वाकडं असतानाच म्हणाले, "दरी हाय म्हनलंय... दरी नाही असं नाही म्हनलं." इतकंच. दुसऱ्या दिवशी त्यांना ते बोललेलं आठवतही नव्हतं. यशया 43 मध्ये पण तसंच आहे, तू पाण्यातून जाशील "तेव्हा" मी तुझ्याबरोबर असेन. गेलास तर नाही, जाशील तेव्हा. 2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं होतं तेव्हा हेच वचन सगळ्यांच्या स्टेटसला होतं आणि मला वाटायचं त्याचा अर्थ पाणी येणार नाही असा आहे.

एक अजून सांगतो, कार्डांच्या डबीत स्तोत्र 88 कधीच नसतं. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी एक "तरी पण" सुद्धा नाही. ज्या रात्री तेविसावं तोंडातून निघत नव्हतं त्या रात्री मी ते वाचलं. आणि वचन तोंडपाठ असणं म्हणजे विश्वास असं ज्यांना वाटतं त्यांनी मत्तय 4 बघावं, तिथं येशूला मोहात पाडायला आलेल्या सैतानालाही स्तोत्र 91 पाठ आहे.

आता मार्गदर्शनाचं. चाकणला नोकरी मिळत होती, पगार बरा. काय करावं कळेना म्हणून डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं, निघाली 1 इतिहासातली वंशावळ, अमक्याचा मुलगा तमका. बायको म्हणाली, आणखी मुलं व्हावीत अशी देवाची इच्छा दिसते. ते बंद केलं. मग चार जणांशी बोललो, पाळकांशी, जुन्या फोरमनशी, डॉक्टरांशी, हिशेब वहीवर मांडला, आणि पप्पांची फिजिओथेरपी निदान वर्षभर म्हणाले तेव्हा ठरलं. मित्राच्या शेडमध्ये एक जुना लेथ पडून होता, त्यावर जॉबवर्क घेतो आता. चाकणच्या पगाराएवढं अजून नाही मिळत, सहा महिने तर उधारीवर काढले, चर्चमधल्या दोन घरांनी तांदूळ पाठवले ते कुणी पाठवले हे आजही आईला सांगितलेलं नाही.

पप्पा काठी घेऊन गेटपर्यंत जातात. डावा हात उठत नाही, आणि डॉक्टर म्हणतात आता फार उठणार पण नाही. गेटवर उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला "खुटं गेल्लास रे?" म्हणजे कुठं गेला होतास, असं विचारतात, शब्द थोडा घसरतो पण लोक थांबतात.

कार्ड अजून फ्रिजवर आहे, मी त्याच्या खाली पेनानं "10 पण वाच" लिहिलंय. मळे लावा म्हटलंय म्हणून मागं शेवग्याची एक फांदी रोवली होती, चांगली कमरेच्या वर आली आणि जुलैच्या वाऱ्यात मोडली. आई म्हणते भिंतीला फार चिकटवून लावली होतीस, मोडलेलाच तुकडा घे आणि जरा लांब रोव, या आठवड्यात पाऊस आहे.